विदुषी दुर्गाबाई भागवत : पदवी राहिली, अभ्यास राहिला नाही

मराठी वाचणाऱ्या घरांत दुर्गाबाई भागवत हे नाव साहित्यिक म्हणून ठाऊक आहे. कराडचे साहित्य संमेलन, आणीबाणीला केलेला विरोध आणि ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक, एवढे पुष्कळांना सांगता येते. पण या बाईंच्या अभ्यासाची सुरुवात भगवान बुद्धांच्या संघापासून झाली, हे आपल्या समाजातही फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात द्यावे, असे आम्ही ठरविले. विशेषतः आपल्या लेकीबाळींनी ते वाचावे, ही इच्छा.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूर येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ. घरात पुस्तके, घरात शिक्षण. धाकटी बहीण कमला ही पुढे कमला सोहोनी या नावाने शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाली. १९३९ साली तिने इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ज्या काळी मुलीने मॅट्रिक होणे म्हणजे नवल, त्या काळच्या या दोघी बहिणी.

दुर्गाबाई मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते, त्यातही त्या ओढल्या गेल्या. पण अभ्यास सुटला नाही. एम.ए.साठी त्यांनी विषय घेतला तो आरंभीच्या बौद्ध संघाच्या कायद्याचा, म्हणजे विनयाचा. हा प्रबंध १९३९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाला. धाकटीची डॉक्टरेट आणि थोरलीचे पुस्तक, दोन्ही एकाच वर्षी. त्याआधी धर्मानंद कोसंबींनी पालीचे दार मराठी माणसाला उघडून दिले होते. त्या दारातून आत शिरून भिक्खूंच्या कायद्यावर ग्रंथ लिहिणारी बाई त्या काळी विरळाच.

हा विषय वरवर कोरडा वाटेल. पण विनय म्हणजे नुसती पथ्यांची यादी नाही. थेरवादी विनयात भिक्खूंना २२७ आणि भिक्खुणींना ३११ नियम आहेत. संघाला राजा नाही, शिपाई नाही, तुरुंग नाही. मग माणूस चुकला तर न्याय करायचा कोणी? संघाने. आणि तो कसा करायचा, हेही ठरलेले. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या पाठीमागे निकाल लावायचा नाही, तो समोर हजर पाहिजे. ठराव संघापुढे मांडायचा. मोठे काम असेल तर तो तीन वेळा पुकारायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहायचे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलायचे. भांडण मिटतच नसेल तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते घ्यायची. बळजबरी न करता माणसे कायद्याने कशी बांधून घेतात, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि विनय हे त्याचे एक उत्तर आहे. भिक्खुणींना नियम जास्त का, हा प्रश्नही वाचणाऱ्या बाईमाणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच धागा धरला होता. लोकसभेचे कामकाज, ठराव, मतदान, गणसंख्या या गोष्टी भारताला नव्या नाहीत, भिक्खू संघात त्या होत्या, हे त्यांनी सगळ्या देशाला सांगितले. त्याच्या दहा वर्षे आधी एक तरुण मुलगी याच विनयाची पाने उलटत बसली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

पुढे दुर्गाबाईंनी पीएच.डी.चे काम हाती घेतले. त्यासाठी मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये त्या हिंडल्या. रानावनातल्या त्या हिंडण्यात काही विषारी वस्तू खाण्यात आली आणि तब्येत पार ढासळली. थोडीथोडकी नव्हे, सहा वर्षे अंथरुणावर गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. ऐन उमेदीतली सहा वर्षे अशी जावीत, याहून विद्यार्थ्याचे दुर्दैव कोणते?

इथून पुढची दुर्गाबाईंची वाट विद्यापीठाच्या बाहेरून गेली. मध्यंतरी पुण्याच्या गोखले संस्थेत समाजशास्त्र विभागात त्यांनी काम केले, पण नोकरीत त्या फार काळ रमल्या नाहीत. लग्न केले नाही. मुंबईच्या टाऊन हॉलमधले एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हेच त्यांचे विद्यापीठ झाले. वर्षानुवर्षे तिथे बसून त्या वाचीत राहिल्या. प्राध्यापकाची खुर्ची नाही, हाताखाली विद्यार्थी नाहीत, महिन्याचा पगार नाही. एक टेबल आणि पुस्तके, बस्स.

त्या टेबलावरून काय काय निघाले पाहा. १९५६ साली ‘ऋतुचक्र’ आणि ‘लोकसाहित्याची रूपरेखा’. १९६२ साली महाभारतावरचे ‘व्यासपर्व’. अमेरिकेतला विचारवंत थोरो याचा ग्रंथ त्यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला. ‘पैस’ या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि हो, स्वयंपाकावर ‘खमंग’ नावाचे पुस्तकही त्यांनीच लिहिले. चुलीपाशी बसणाऱ्या बाईचे ज्ञान त्यांनी कधी हलके मानले नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोठे काम म्हणजे जातककथा. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. दुर्गाबाईंनी ती ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत मराठीत आणली. आपल्याकडून सहली अजिंठ्याला जातात. सतरा नंबरच्या लेण्यात वेस्संतराची कथा रंगवलेली आहे, एक नंबरच्या लेण्यात महाजनकाची. आपण भिंतीपुढे उभे राहतो, छान छान म्हणतो आणि पुढे सरकतो. चित्र मराठवाड्यातले, पण कथा पालीत. म्हणून आपल्याच घरची गोष्ट आपल्याला परकी झाली होती. ती मराठीत वाचता येते याचे मोठे श्रेय या बाईंच्या चिकाटीला आहे.

इथे एक शंका कोणी काढील. जातके तर पूर्वजन्माच्या कथा, मग बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्यांनी त्या का वाचाव्यात? आमचे म्हणणे असे की त्या पुनर्जन्माचा पुरावा म्हणून वाचू नयेत, शिकवणूक म्हणून वाचाव्यात. लाव्हे पक्षी एकजुटीने जाळे घेऊन उडतात आणि आपसांत भांडायला लागले की त्याच जाळ्यात सापडतात, ही जातकातलीच कथा. आपल्या गल्लीतल्या दोन गटांना ती समजावून सांगण्याची गरज आहे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुर्गाबाई भित्र्या नव्हत्या. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली आणि त्याच वर्षी कराडच्या संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतरच्या त्या दुसऱ्या महिला अध्यक्षा. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना त्यांनी तुरुंगातून आजारी होऊन आलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सर्वांना प्रार्थना करायला लावली आणि लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. १९७६ साली त्यांना अटक झाली. पुढे सरकारी मानसन्मानही त्यांनी स्वीकारले नाहीत. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलू द्या, हा विनयातला नियम. चौकशीशिवाय माणसे कोंडणारे राज्य विनय वाचलेल्या बाईंना कसे पटावे? ७ मे २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही, आणि पटलीच पाहिजेत असेही नाही. अभ्यास मात्र खरा होता.

आता आमचे सांगणे. दुर्गाबाईंची डॉक्टरेट राहिली, तरी त्या विदुषी झाल्या. तेव्हा पदवीचे काय घेऊन बसलात, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्या पाठीशी शिकलेले घर होते. आपल्या पोरींच्या पाठीशी कितीदा नुसती मजुरी असते. आपल्याला पदवीही पाहिजे, नोकरीही पाहिजे. भोकरहून नांदेडला कॉलेजसाठी जाणाऱ्या पोरीचे शिक्षण लग्न ठरले म्हणून मध्येच तोडू नका. एवढे करूनही आजारपणाने, गरिबीने, बाळंतपणाने शिक्षण तुटलेच, तर त्या पोरीने आपले सगळे संपले असे समजू नये, हे मात्र दुर्गाबाईंकडून घ्यावे. सहा वर्षे अंथरुणावर काढून माणूस पुन्हा पुस्तकाकडे जाऊ शकतो.

त्यासाठी गावात एक टेबल पाहिजे, जिथे बाई निवांत वाचत बसली तर कोणी नावे ठेवणार नाही. असे टेबल आपल्या विहारात असावे. कपाटात सिद्धार्थ जातकाचे सात खंड असावेत. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाल्यावर लेकरांसाठी दर रविवारी एक जातक वाचावे, आणि ते वाचायला शाळा सुटलेल्या एखाद्या सुनेला किंवा लेकीला पुढे बसवावे. खर्च फार नाही. वर्गणीची वही विहारात ठेवलेली आहे.