परटाच्या घरचा डेबू : संत गाडगेबाबा

शिक्षक बंधुभगिनी व पालकांनो, स्वच्छतेचा पाठ घेताना आपल्या वऱ्हाडातल्या या माणसाची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. परटाचं पिढीजात काम म्हणजे लोकांचे कपडे धुणं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथं डेबूने गुरं राखली, शेती केली. शाळा मात्र मिळाली नाही. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं.

१९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा अन् गाडग्याचं खापर. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, पशुबळी, शिवाशिव यांचा मळ धुवायचे. मिळालेल्या देणग्यांतून ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.

वर्ग झाडायची पाळी आली की काही पालक रागावतात, लेकराला झाडायला पाठवलं नाही म्हणतात. त्यांचंही चुकत नाही; पूर्वी ठरावीक घरच्याच मुलांच्या हाती झाडू यायचा. म्हणून माझ्या वर्गात पाळी सगळ्यांची असते आणि पहिली माझी. बाबांनीही आधी स्वतः झाडलं, मग लोकांना सांगितलं.