रिचर्ड रॉबर्ट राइट : मुक्तिदिनाचे प्रवर्तक

रिचर्ड रॉबर्ट राइट यांचा जन्म १८५५ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत झाला. दास्य संपताच मातेने त्यांना अटलांटा येथील शाळेत घातले. १८६८ मध्ये शाळेस भेट देणाऱ्या जनरल हॉवर्ड यांनी उत्तरेकडील जनांसाठी निरोप मागितला, तेव्हा आमचा समाज वर येत आहे, असे या बालकाने सांगितले. १८७६ साली ते अटलांटा विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत अग्रणी ठरले. १८९१ पासून तीस वर्षे सव्हाना येथील महाविद्यालयाचे अध्यक्षपद भूषवून त्यांनी मुक्त झालेल्यांच्या मुलांस हस्तव्यवसायाबरोबर उच्च विद्याही दिली. पुढे फिलाडेल्फियात बँक स्थापिली.

१ फेब्रुवारी १८६५ रोजी लिंकन यांनी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर स्वाक्षरी केली. तो दिवस राष्ट्राने पाळावा, हा राइट यांचा उतारवयातील ध्यास होता. १९४७ मध्ये ते निवर्तले. कायदा झाला १९४८ साली.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचकांस अर्पण केला, तेव्हा राइट विद्यार्थिदशेत होते. या नात्याने ते आम्हांस परके नाहीत. मुक्ती कायद्याने मिळते, ती टिकते विद्येने आणि स्मरणाने. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.