घर सोडून शिकलेला धोंडो

मुरुड म्हटलं की आमच्या हॉस्टेलवर सगळ्यांना जंजिऱ्याचं मुरुड आठवतं. शनिवारी बाइक काढायची, किल्ला बघायचा, रविवारी रात्री परत. मी सांगतोय ते मुरुड वेगळं, दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या जवळचं. पनवेल स्टँडवर सकाळी दापोलीची एस.टी. पकडली, पळस्पे फाट्यावरून गाडी एकदा गोवा हायवेला लागली की दुपारी माणूस तिकडे पोचतो. आम्ही कोकणातली पोरं तेवढ्या प्रवासालाही वैतागतो. पण दीडशे वर्षांपूर्वी त्या गावातून शिकायला बाहेर पडणं म्हणजे काय होतं, हे मला धोंडो केशव कर्वे वाचताना कळलं.

महर्षी कर्वे म्हणजे पांढरी दाढी, १९५८ सालचं भारतरत्न आणि १०४ वर्षांचं आयुष्य, एवढंच आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्यांच्या शंभरीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. हयात भारतीय माणसाचा चेहरा भारताच्या तिकिटावर आल्याची ती पहिलीच वेळ. त्या दाढीमागचा विद्यार्थी मात्र कुणी दाखवत नाही. मला त्याच्यातच जास्त इंटरेस्ट आहे, कारण तो बराचसा आपल्यासारखा होता. बुजरा, परीक्षेला घाबरणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मवृत्तात कबूल केलं आहे.

जन्म १८ एप्रिल १८५८, खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आजोळी. घर मुरुडला. वडिलांची तुटपुंज्या पगाराची नोकरी. गावात मराठी शाळा होती, पण सहावीची परीक्षा द्यायला बाहेर जावं लागायचं. ही सहावी आपल्या सहावीसारखी नव्हे. ती पास झाली की मास्तरकी किंवा सरकारी कारकुनी मिळायची. म्हणजे त्या काळचं कॅम्पस प्लेसमेंटच म्हणा.

१८७५ साली धोंडो ही परीक्षा द्यायला सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला, तोही पायी. पावसाचे दिवस, समुद्र खवळलेला, आगबोटीचा भरवसा नाही. शंभर मैलांहून जास्त अंतर, मध्ये सह्याद्री, अंगावर पाऊस आणि पायाखाली चिखल. भिजत, घाट चढून पोरं साताऱ्याला पोचली. परीक्षेला बसायला वयाची सतरा वर्षं पूर्ण हवी होती. धोंडोची झाली होती. पण चण लहान, चेहरा पोरसवदा. समितीच्या प्रमुखाने वर-खाली पाहिलं आणि हा काही सतराचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. परत पायी घरी.

आपलं हॉल तिकीट विसरलं तर वॉर्डन, क्लार्क, एचओडी सगळ्यांना फोन लागतात. ह्या पोराला तिथे फोन करायला कोण होतं? तो पेपरात नापास झाला असता तर मला इतकं लागलं नसतं. पुढच्या खेपेला त्याने ती परीक्षा दिली आणि पास झाला. तिथे थांबून मास्तरकी धरली असती तर घरच्यांना लगेच आधार झाला असता. त्याने इंग्रजी शिकायचं ठरवलं. आधी रत्नागिरी, मग मुंबईची रॉबर्ट मनी शाळा. १८७९ साली आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, त्या सुमारास हा विशीतला धोंडो मिशनऱ्यांच्या शाळेत आपल्याहून लहान पोरांबरोबर बाकावर बसून इंग्रजी शिकत होता. १८८१ मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा वय २३. आपल्याकडे ह्या वयात बी.ई. होऊन लोक बेंगळुरूला जातात. केटी राहिलेल्या मित्रांनी हा आकडा लिहून ठेवावा.

त्या वेळी मुंबईला शिकायला येणाऱ्या कोकणातल्या पोरांना हॉस्टेल वगैरे नसायचंच. नातेवाइकाकडे पडवीत पथारी टाकायची, नाहीतर चार-पाच जणांनी मिळून चाळीत खोली घ्यायची. जेवायला खाणावळ, ती परवडली नाही की हाताने स्वयंपाक. अभ्यासाला तेलाचा दिवा, आणि तेलही पैसे देऊनच मिळायचं. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती, पण तिकिटाचे पैसे वाचवायचे तर पायीच जायचं. गावी जायचं तर आगबोट, पावसाळ्यात तीही बंद. म्हणजे मे महिना संपल्यावर आईची आठवण आली तर पाऊस सरेपर्यंत थांबा.

धोंडोपंत आधी विल्सन कॉलेजात आणि मग एल्फिन्स्टनमध्ये गेले. एल्फिन्स्टन तेव्हा भायखळ्याला होतं. विषय गणित. खर्चाला शिकवण्या. शिकवणीच्या कमाईतला रुपयामागे एक पैसा ते दुसऱ्यांसाठी बाजूला ठेवत. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते, म्हणजे साधारण दीड टक्का झाला. रक्कम हसण्यासारखी आहे. पण स्वतः शिकवण्या करून जेवणाऱ्या मुलाने दीड टक्का तरी कशाला बाजूला ठेवावा, हे मला अजून नीट समजलेलं नाही. आम्ही मेसचं बिल भरल्यावर दीड टक्का काय, दीड रुपया उरत नाही.

त्यांच्याबरोबर बी.ए.ला गोपाळ कृष्ण गोखले होते. दोघंही १८८४ ला पास झाले, गोखले अठराचे आणि कर्वे सव्वीसचे. एकाच वर्गात आठ वर्षांचं अंतर! गोखल्यांची गोष्ट वेगळी, पण तीही आपल्याच जातीची. वडील वारल्यावर थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दर महिन्याला कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवले. पोरगा हाताने स्वयंपाक करायचा आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचायचा. उरलेल्या सात रुपयांत घर कसं चाललं असेल, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

कर्व्यांच्या मागेही एक घर होतंच. पंधराव्या वर्षीच लग्न झालेलं, बायको राधाबाई. थोरला मुलगा रघुनाथ जानेवारी १८८२ चा, म्हणजे बाप कॉलेजात शिकत असताना जन्मलेला. (हेच ते पुढे संततिनियमनासाठी लढलेले आणि समाजस्वास्थ्य चालवणारे र. धों. कर्वे, तेही गणिताचेच प्रोफेसर.) बी.ए. झाल्यावर धोंडोपंत मुंबईतच शाळांत शिकवू लागले, शिवाय सकाळ-संध्याकाळ शिकवण्या होत्याच. आता कुठे बरे दिवस येणार, तर १८९१ साली राधाबाई गेल्या. त्याच वर्षी गोखल्यांनी त्यांना पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. जागा रिकामी झाली होती, कारण टिळक तिथून बाहेर पडले होते.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. मुंबईत नरहरपंत जोशी हे धोंडोपंतांचे मित्र. दोघांनी मिळून बिऱ्हाड केलं होतं. नरहरपंतांनी आपल्या विधवा बहिणीला, गोदूबाईला, मुंबईला आणलं. ती आठ वर्षांची असताना नवरा वारला होता. त्या बिऱ्हाडात स्वयंपाकपाणी ती बघायची. त्या काळी शिकणाऱ्या पोरांच्या कितीतरी बिऱ्हाडांत चुलीपाशी अशीच एखादी आत्या, मावशी, बहीण असायची. बाहेर पोरं युक्लिड घोकतायत आणि आत ती भाकऱ्या थापतेय. आपण जेवतो, ताट सरकवतो, वर येऊन जर्नल लिहायला बसतो. आमच्या मेसच्या मावशी किती शिकल्यात, हे तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. हे वाचल्यावर विचारलं. त्या चौथीपर्यंत शिकल्यात.

१८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. वय चोविसाच्या आसपास. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडोपंतांनी तिच्याशी लग्न केलं. घरी कुमारिका मिळत असताना विधवेशी. तिचं नाव आनंदी ठेवलं, पण सगळे बाया म्हणत.

मग मुरुड उलटलं. गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं, घरच्यांनाही त्याचा जाच झाला. शिकून परत घरी यायचं म्हणून तर माणूस सगळं सोसतो. ह्यांना त्या शिकण्यामुळे जी बुद्धी झाली, तिने घराचंच दार लागलं.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा तो गावाबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. ते काय होतं? मुलींचं हॉस्टेलच की! कर्वे फर्ग्युसनमध्ये तास घ्यायचे आणि ते संपले की चिखल तुडवत चालत हिंगण्याला जायचे, पुष्कळदा आश्रमाचं सामान खांद्यावर घेऊन. साताऱ्याची पायपीट कामी आली असणार. पुढे १९०७ ला महिला विद्यालय, १९१६ ला महिलांचं विद्यापीठ, तेच आजचं एस.एन.डी.टी. सत्तरी उलटल्यावर त्यासाठी जगभर फिरले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले.

सगळं छान छान लिहून थांबता आलं असतं. पण एक गोष्ट मला खटकते. आश्रमात मुली पाठवणारे आईबाप बिथरतील, पुनर्विवाहाचं नाव संस्थेला चिकटेल, ह्या भीतीने बायांना त्या कामापासून लांबच ठेवलं गेलं. कर्व्यांचा नाइलाज मला समजतो. वर्गणी बंद झाली असती तर झोपडीही राहिली नसती. पण जिच्यामुळे हे सगळं सुचलं, तिलाच त्या हॉस्टेलात जागा नाही, हे मला पटत नाही. बायांनाही ते लागलं होतं. त्यांनी ते माझे पुराण ह्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

आपल्या लायब्ररीत कर्व्यांचं आत्मवृत्त आहे, मराठीच्या कपाटात खालच्या खणात, बायंडिंग सुटलेलं. माझे पुराण नाही. मी मागणीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून आलोय. आलं की आधी मी नेणार, मग मेसच्या मावशींची मुलगी. ती यंदा दहावीला आहे.