पराभूताची दाद

पिंजौर : मतदारयादीतून नावे गळाली, मतदान केंद्र बळकावले गेले, मोजणीत फेरफार झाला, असे आरोप जवळपास प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकू येतात. त्यांची चौकशी करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाला आधी संविधानकर्ते म्हणून तोंड दिले आणि पुढे पराभूत उमेदवार म्हणून.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभच मताधिकाराच्या प्रश्नाने झाला. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. १९२८ मध्ये सायमन आयोगासमोर प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींवर मत देणाऱ्या व्यवस्थेत बहुसंख्य दलित मतदारयादीबाहेरच राहतात, हे त्यांनी पाहिले होते. मत हाती आले, तरी ते नोंदवणारी आणि मोजणारी यंत्रणा कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत आले. मूळ मसुद्यात प्रांतांसाठी स्वतंत्र निवडणूक आयोगांची कल्पना होती. ती बाजूला सारून आंबेडकरांनी संपूर्ण देशासाठी एकच आयोग सुचवला. काही प्रांतांत भाषेने वा वंशाने परक्या ठरलेल्या रहिवाशांना याद्यांतून वगळले जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. ज्या प्रांतिक सरकारविषयी तक्रार आहे, त्याच्याच हाती निवडणूक ठेवणे त्यांना धोक्याचे वाटले. प्रांतांच्या स्वायत्ततेला बाध येतो, असा आक्षेप सभेत घेतला गेला. आयुक्तांची नेमणूक सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर राहील, ही शंकाही निघाली आणि ती निराधार नसल्याचे आंबेडकरांनी मान्य केले. यातून साकारलेल्या अनुच्छेद ३२४ ने निवडणुकीचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण आयोगाकडे दिले. निवडणूक वादांसाठी न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकारही तेव्हा आयोगाकडेच होता.

कायदामंत्री असताना, जुलै १९५१ मध्ये संमत झालेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने या रचनेला तपशील दिला. सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून ते राखीव जागेसाठी उभे राहिले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली, तर आंबेडकरांना १,२३,५७६. अंतर होते १४,५६१ मतांचे. मात्र या मतदारसंघात ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या होत्या.

प्रत्येक मतदाराला दोन मते होती. ती दोन्ही एकाच उमेदवाराला दिल्यास दुसरे मत बाद होई. मते अशा रीतीने वाया घालवण्याचा प्रचार झाला, असा आक्षेप घेऊन आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. म्हणजे ज्या व्यवस्थेच्या उभारणीत आंबेडकरांचा प्रमुख वाटा होता, तिच्याच दारी ते सामान्य फिर्यादी म्हणून उभे राहिले. याचिका यशस्वी झाली नाही. निकाल कायम राहिला. त्यांनी आयोगाची वैधता नाकारली नाही. ते राज्यसभेत गेले, १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पुन्हा लोकसभेसाठी लढले आणि तिथेही हरले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पुढे १९६६ मध्ये न्यायाधिकरणे जाऊन निवडणूक याचिका उच्च न्यायालयांकडे आल्या. पंजाबातील फिरोजपूरच्या १९७७ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण मतदारसंघात फेरमतदान घेण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. आज पिंजौरच्या मतदाराची तक्रार निकालापूर्वी आयोगाकडे जाते. निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत चंडीगडच्या उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. गुन्ह्याचा तपास मात्र राज्याचे पोलीसच करतात. ज्या राज्यसत्तेपासून निवडणूक दूर ठेवण्याचा आंबेडकरांचा प्रयत्न होता, तिचा हात या शेवटच्या टप्प्यावर अजूनही आहे. आयुक्तांच्या नेमणुकीबाबत संसदेने स्वतंत्र कायदा केला तोही २०२३ मध्ये, आणि १९४९ ची शंका त्यानंतरही मिटलेली नाही. हरलेल्याला निःपक्ष चौकशीचा भरवसा वाटला, तरच जिंकलेल्याचा अधिकार निर्विवाद ठरतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. अनुवादित लेख.)