माउलीभावाने ख्रिस्तास आळविणारे नारायण वामन टिळक

एकादशीच्या पर्वकाळी ख्रिस्ती भक्ताचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न भाविक वाचकांच्या मनी येईल. परंतु ज्या पुरुषाने तुकोबांच्या अभंगांचा हात धरूनच ख्रिस्ताचे चरण गाठले, त्याचे स्मरण वारकऱ्यांच्या महाराष्ट्राने करावे हे आम्हांस उचितच वाटते.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील अत्यंत करड्या स्वभावाचे. आई जानकीबाई मायाळू व काव्याची आवड असलेली. ती माउली नारायणाच्या बालपणीच निवर्तली. पुढे नाशकास गणेशशास्त्री लेले ह्यांजपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. कविता, कीर्तन, अध्यापन, ग्रामोग्रामी भटकंती, सर्व काही झाले. चित्त मात्र कोठे स्थिरावेना. अशा अवस्थेत आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या निर्णयाने संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरातील. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या, त्यातील काही काळ पंढरपुरासही होत्या. ह्या साध्वीचे दुःख विसरून टिळकांची थोरवी गाणे आम्हांस जमणार नाही. १९०० साली त्यांनीही तो मार्ग स्वीकारला, तो बळजबरीने नव्हे; मनातील सोवळेओवळे गळून पडल्यावर.

आता मुख्य गोष्ट. देव जसा मानावा तशी प्रार्थना मुखातून निघते. देव न्यायाधीश मानला तर प्रार्थना अर्ज होते. राजा मानला तर मुजरा होते. ख्रिस्ताने शिष्यांस शिकविलेली प्रार्थना देवाला पिता म्हणून हाक मारते, त्याचीच इच्छा पूर्ण होवो असे म्हणते, मग त्या दिवसापुरती भाकर मागते, आणि आपण दुसऱ्यांस क्षमा करतो तशी क्षमा याचिते. तीत संचयाचे मागणे नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. टिळकांनी हे पितृत्व मानलेच. परंतु ख्रिस्तास आळविताना त्यांच्या ओठी माउली आणि गुरू हेच शब्द आले. लहानपणी जिचे छत्र हरपले त्या मातेची ओढ ह्यामागे असावी असे आम्हांस वाटते. शिवाय विठाई म्हणून हाक मारणाऱ्या मुलखात देवाला आई म्हणावयास वेगळे शिकावे लागत नाही.

देव असा जवळचा झाला तेव्हा उपासनेची रीतही पालटली. मराठी ख्रिस्ती मंडळी पूर्वी बहुतांशी परदेशी चालींवरील भाषांतरित गीते गात. टिळकांनी त्यांस अभंग, ओवी, भजन दिले, कीर्तनही दिले. कीर्तनकाराच्या नात्याने आम्ही सांगतो, की ही केवळ चालींची अदलाबदल नव्हे. ओवी जात्यावर बसते, स्वयंपाकघरात शिरते. तिच्यासंगे प्रार्थनाही रविवारच्या मंदिरातून निघून दळणकांडणात आली. आणि त्या पदांत मागणे थोडे, सहवासाची तहानच फार! मुलाला आईपाशी नेहमी काही मागावयाचेच असते असे नाही. नुसते बिलगून बसावयाचे असते.

अहमदनगरास त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केली व ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादनही पाहिले. परंतु परकीय मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव रमेना. १९१७ साली ते पाश सोडून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार मांडला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही स्थान होते. मिशनमधील काहींस हे मानवले नाही. आमच्याकडील सनातन्यांस तर टिळक कधीच मानवले नव्हते. दोहींकडून परके ठरण्याचे हे प्राक्तन त्यांनी शांतपणे सोसले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. ख्रिस्तचरित्रावरील ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ज्यांनी एके काळी त्या नावाचाही विटाळ मानला होता, त्या लक्ष्मीबाईंनीच पुढे लेखणी घेऊन ते पूर्णत्वास नेले.