रॉबर्ट ली : नदी, किल्ला आणि पुतळा

मॅगझिनसाठी मराठीत लिहिशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ हा हॉस्टेलमध्ये विनोदाचा विषय आहे. पण एका माणसाबद्दल गेलं वर्षभर माझं आणि रूम पार्टनरचं भांडण चालू आहे आणि ते कागदावर उतरल्याशिवाय मिटेल असं वाटत नाही. म्हणून हा प्रयत्न. चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात!

झालं असं, की हायड्रॉलिक्सच्या तासाला सरांनी नदीचा प्रवाह वळवण्याचं एक जुनं उदाहरण सांगितलं. नदी मिसिसिपी, गाव सेंट लुईस, साल १८३७. आणि इंजिनिअर रॉबर्ट ली. नाव ऐकलेलं वाटलं. मग आठवलं, टीव्हीवर एकदा घोड्यावरचा एक प्रचंड पुतळा क्रेनने उतरवताना दाखवला होता, खाली लोक टाळ्या वाजवत होते. तोच हा? तोच होता.

ली जन्मला १९ जानेवारी १८०७ रोजी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात. वडील स्वातंत्र्ययुद्धातले नामांकित घोडदळ अधिकारी, पुढे राज्याचे गव्हर्नर. पण जमिनींच्या सट्ट्यात बुडाले, कर्जापायी तुरुंगात गेले आणि शेवटी घर सोडून वेस्ट इंडीजला निघून गेले. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. फीचा प्रश्न असेल तर अशा घरातला मुलगा सरकारी कॉलेजातच जाणार. तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. ती तेव्हा अमेरिकेतली सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवणारी मुख्य संस्था होती. १८२९ साली तो वर्गात दुसरा आला आणि चार वर्षांत शिस्तभंगाचा एकही शेरा नाही. आपल्या होस्टेलमध्ये चार वर्षं सोडा, चार आठवडे असा एक मुलगा दाखवा!

पहिली पोस्टिंग मिळाली जॉर्जियात, सॅव्हाना नदीच्या मुखाजवळच्या कॉकस्पर बेटावर. बेट कसलं, दलदल. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून सर्व्हे करायचा, बांध घालायचे, चर खणायचे. त्या पायावर पुढे पुलास्की नावाचा किल्ला उभा राहिला. भिंती विटांच्या, साडेसात फूट जाडीच्या. हा किल्ला लक्षात ठेवा.

मग आलं सेंट लुईस. मिसिसिपीचा मुख्य प्रवाह समोरच्या इलिनॉय काठाकडे सरकत चालला होता. शहराच्या बाजूला पाणी मंदावलं, आणि वेग कमी झाला की गाळ बसतो हे आपण पेपरात लिहितोच. बंदरापुढे वाळूचं बेटच तयार होत होतं. आणखी काही वर्षांनी आगबोटींना धक्क्याला लागायलाही पाणी उरलं नसतं. लीने नदीचा सर्व्हे केला आणि ठरवलं, की गाळ उपसत बसायचं नाही. लाकडी खांब ठोकून, दगड भरून बांध घालायचे आणि पूर्वेकडचा फाटा अडवून पाणी शहराच्या काठाकडे वळवायचं. पुढचं काम नदीच करेल. पैसे मध्येच आटले, बांध पूर्ण झाले नाहीत, तरी प्रवाह वळला आणि वाळू वाहून जायला लागली. बंदर वाचलं. नदीशी न झगडता तिच्याकडूनच काम करून घेणं मला इतकं आवडलं, की मी लेख लिहायचा ठरवला तो एवढ्याचसाठी. शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

मग मी पुढचं वाचलं आणि शीर्षक बदललं.

लीची बायको मेरी कस्टिस ही जॉर्ज वॉशिंग्टनच्या सावत्र घराण्यातली. १८५७ साली सासरे वारले, तेव्हा त्यांच्या इस्टेटींवर जवळजवळ दोनशे गुलाम होते. मृत्युपत्रात लिहिलं होतं, की जास्तीत जास्त पाच वर्षांत सगळ्यांना मुक्त करावं. अंमलबजावणी जावयाकडे. ली हिशेबाला पक्का. कर्ज फिटेपर्यंत एकेकाकडून काम काढून घ्यायचं, काहींना दुसरीकडे भाड्याने द्यायचं, असा त्याचा कारभार. मुदत वाढवून मिळावी म्हणून तो कोर्टातही गेला. १८५९ मध्ये वेस्ली नॉरिस, त्याची बहीण आणि एक चुलतभाऊ असे तिघे पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. लीने पुरुषांना पन्नास आणि मुलीला वीस फटके मारायला लावले आणि वर पाठीवर मिठाचं पाणी ओतायला सांगितलं, असं नॉरिसने १८६६ साली सांगितलेलं छापलेलं आहे. ली हे नाकारत असे, पण नंतरच्या अभ्यासकांना नॉरिसच्या सांगण्याला दुजोरा देणारे कागद सापडले.

युद्धाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्याच्यावर कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत. एप्रिल १८६१ मध्ये त्याला केंद्राच्या सैन्याचं नेतृत्व देऊ केलं होतं. त्याने राजीनामा दिला आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजूने तो लढला. वर्षभरात एप्रिल १८६२ मध्ये पुलास्की किल्ल्याला वेढा पडला. एवढ्या अंतरावरून भिंत फुटणार नाही, अशी खात्री खुद्द लीने किल्लेदाराला दिलेली होती. सुमारे मैलभरावरून नव्या रायफल्ड तोफा सुरू झाल्या आणि साधारण तीस तासांत भिंतीला भगदाड पडलं. समोरचा तोफा लावणारा अधिकारी वेस्ट पॉइंटचाच इंजिनिअर होता. सबमिशनच्या रात्री हे वाचताना मला हसूच आलं. डिझाइन बरोबर, लोड बदलला!

९ एप्रिल १८६५ रोजी लीने शरणागती पत्करली. युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली होती. त्यानंतर तो व्हर्जिनियातल्या एका छोट्या कॉलेजचा अध्यक्ष झाला, तिथे इंजिनिअरिंगचे विषय वाढवले आणि १२ ऑक्टोबर १८७० रोजी वारला. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर खुणा उभारायच्या कामासाठी त्याला बोलावलं, तेव्हा त्याने नकार कळवला. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, असं त्याचं मत होतं.

ऐकतंय कोण? २९ मे १८९० रोजी रिचमंड शहरात त्याचा पुतळा उभा राहिला. बारा टनांचा ब्राँझ, चौथऱ्यासकट साधारण सहा मजली उंच. नदीचा नकाशा हातात घेतलेला इंजिनिअर नव्हे, तर गणवेशातला सेनापती घोड्यावर. आणि बारा वर्षांत, १९०२ साली, त्याच राज्याने नवी घटना करून बहुतेक काळ्या लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. १९०९ मध्ये त्याच राज्याने वॉशिंग्टनच्या संसद भवनात लीचा पुतळा पाठवला, १९२४ मध्ये शार्लट्सव्हिलच्या बागेत आणखी एक.

इथे आमचं भांडण. रूम पार्टनर म्हणते, पुतळे पाडून इतिहास बदलत नाही आणि उद्या तुम्ही त्याचा बांधही पुस्तकातून काढाल. मी म्हणते, बांध पुस्तकात राहू दे, मी स्वतः परीक्षेत लिहीन. पण चौक सगळ्यांचा असतो. ज्याच्या पणजोबाच्या पाठीवर फटके आहेत त्यानेही त्या चौकातूनच कामाला जायचं आणि त्या चौकाचा कर भरायचा. ती म्हणते, मग खाली एक पाटी लावा. सहा मजली पुतळ्याखाली पाटी! (मेसमध्ये हे भांडण इतकं वाढलं, की आमची आमटी गार झाली.)

शार्लट्सव्हिलचा पुतळा हटवावा असा अर्ज २०१६ साली हायस्कूलच्या एका विद्यार्थिनीने केला होता. त्याच्या निषेधाच्या मेळाव्यात २०१७ मध्ये एकाने गर्दीत गाडी घातली, एक तरुणी मेली. तो पुतळा जुलै २०२१ मध्ये उतरला आणि २०२३ मध्ये वितळवला गेला, त्याच धातूतून नवी कलाकृती करायची म्हणून. रिचमंडचा ८ सप्टेंबर २०२१ रोजी उतरला. पुलांखालून ट्रक जावा म्हणून लीला कमरेशी कापावं लागलं. काम करणारा कंत्राटदार काळा होता. १८९० मध्येच तिथल्या एका काळ्या संपादकाने लिहून ठेवलं होतं, की हा पुतळा उभारायला काळ्यांचे हात लागले आणि उतरवायची वेळ येईल तेव्हाही तेच लागतील.

संसद भवनातली जागा डिसेंबर २०२० मध्ये रिकामी झाली. प्रत्येक राज्याला तिथे दोनच पुतळे ठेवता येतात. व्हर्जिनियाचा एक जॉर्ज वॉशिंग्टन. दुसरा, २०२५ मध्ये, बार्बरा जॉन्सचा आला. ही सोळा वर्षांची मुलगी. १९५१ साली फार्मव्हिल गावात काळ्या मुलांच्या शाळेत जागा पुरेना, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत वर्ग भरायचे. हिने साडेचारशे मुलांना घेऊन संप केला. ती केस पुढे सुप्रीम कोर्टात गेली आणि १९५४ मध्ये वेगवेगळ्या शाळांचा कायदाच घटनाबाह्य ठरला.

फार्मव्हिल हे नाव मी आधीच वाचलं होतं. ७ एप्रिल १८६५ रोजी, शरणागतीच्या दोन दिवस आधी, लीचं उपाशी सैन्य याच गावातून माघार घेत गेलं. बार्बराचा पुतळा गणवेशात नाही आणि घोड्यावरही नाही. तिने एक फाटकं पुस्तक डोक्यावर उंच धरलंय.