डॉ. खानोलकर आणि आपला खर्रा

नागपुरातील कोणत्याही पानठेल्यापुढे घटकाभर उभे राहावे. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा सिद्ध होत असतो. तो पाहिला की डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

१८९५ साली जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी संपादन केली. मायदेशी त्यांनी मुंबईत अध्यापन केले. पुढे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ तपासून निदान देण्यावर ते थांबले नाहीत. रोगी कुठला, काय खातो, काय नेसतो, याचाही त्यांनी शोध घेतला. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह त्यांनी तीन कर्करोगांचा संबंध सवयींशी जोडून दाखविला. घट्ट आवळलेल्या धोतराने कंबरेच्या त्वचेला, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरल्याने टाळूला आणि चुना-तंबाखूची चिमूट दाबून ठेवल्याने खालच्या ओठाला होणारा, असे ते तीन प्रकार. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर विज्ञान पेशीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही असतात. वाढीचा संदेश आणणारा घटक त्यांना जुळला की पेशी विभागते. जखम भरून येते ती अशाच आदेशांमुळे. असा एक वाढघटक शोधणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोंडाच्या बहुतेक कर्करोगांत याच घटकाचा ग्राही प्रमाणाबाहेर आढळतो. वाढीचा आदेश मग थांबतच नाही. सेटुक्सिमॅबसारखे औषध त्या ग्राहीला अडविते खरे. परंतु ते महागडे आहे आणि सर्वांनाच गुण येतो असे नाही.

म्हणून खानोलकरांचा मार्ग आजही जुना झालेला नाही. ग्राहीवरील संशोधन अवश्य व्हावे. पण तो बिघडण्यापूर्वीच तंबाखू रोखणे अधिक स्वस्त व अधिक खात्रीचे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांनी व पालकांनी आपल्या शाळेच्या दारापासून ते एकदा मोजून पाहावे.